नवतप्यातलं फेव्हिकॉल

मागच्या उन्हाळ्यात एका रात्री आमच्या कूलरची टाकी भरून वाहिली. कुणाचं लक्षच नव्हतं. सकाळी पाहिलं तर हॉलमधल्या म्युझिक सिस्टिमचा डावा बॉक्स चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा फुगलेला. सासऱ्यांनी हौसेनं घेतलेली सिस्टिम होती ती. बॉक्स पार्टिकल बोर्डाचा, म्हणजे लाकडाचा भुसा आणि चिकटा दाबून केलेला, वरून कागदी सागवान. पाणी प्यायला की संपला. उजवा बॉक्स दिसायला धड होता, पण वूफरच्या, म्हणजे खर्जाचा आवाज काढणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या, कडेच्या फोमला बोट लावलं तर भुगाच हातात आला. ॲम्प्लिफायर मात्र ठणठणीत. दुरुस्तीवाला म्हणाला, "हे काय करता जी, नवीन ब्लूटूथवाला घेऊन टाका."

मी शाळेत गणित शिकवते. करवत कधी हातात धरलेली नव्हती. पण यंदा 2 मेला सुट्टी लागली, विदर्भातल्या शाळा जूनअखेरीशिवाय उघडत नाहीत, आणि तो ॲम्प्लिफायर कपाटावरून रोज माझ्याकडे बघायचा. शेवटी ठरवलं, बॉक्स घरीच करायचे. तयार व्हायला 22 जून उजाडला. मधे काय काय झालं ते लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या माणसाची निदान एक दुपार वाचेल.

4 मेला वूफर, बारीक आवाजाचे छोटे ट्विटर आणि दोघांत आवाज वाटून देणारा तयार क्रॉसओव्हर ऑनलाइन मागवले. साडेसहा इंची वूफरची जोडी 4,200, एक इंची ट्विटरची जोडी 1,800, क्रॉसओव्हर 1,300 रुपये. वूफरसोबत आकड्यांचा एक तक्ता असतो. मी आधी त्याला जाहिरात समजले होते. नेव्हिल थील या ऑस्ट्रेलियन इंजिनिअरने 1961 मध्ये आणि त्याच्यानंतर रिचर्ड स्मॉलने सत्तरच्या दशकात दाखवून दिलं, की वूफरची ही मोजकी मापं हातात असली की त्याला किती लिटरचा बॉक्स लागेल ते बॉक्स बांधायच्या आधीच काढता येतं. मोफत मिळणाऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये ते आकडे टाकले. उत्तर आलं अकरा लिटर, मागे नळी, नळीचा सूर 55 हर्ट्‌झ.

नळीची गोष्ट माठाची आहे. अरुंद तोंडाच्या माठावर फुंकर घातली की घुमतो ना, तेच. आतली हवा स्प्रिंगसारखी दबते-सुटते आणि तोंडातली हवा त्यावर वजनासारखी हलते. अकरा लिटर हवा आणि आतून 50 मिमी रुंद पाइप धरून गणित केलं तर लांबी 14 सेंटीमीटर आली. नळाच्या दुकानातला साधा दोन इंची पाइप चालतो. दुकानदाराने विचारलं, "टाकीला लावायचा का?" मी हो म्हणून मोकळी झाले.

9 मेला पार्सल आलं आणि पहिला झटका बसला. एका वूफरचा मधला गोल टोपीसारखा भाग आत दबलेला, आणि त्याचा कागद, म्हणजे पुढचा हलणारा पडदा, दोन्ही अंगठ्यांनी हलकेच दाबला की आतून खर्रऽऽ असा घासण्याचा आवाज. कॉइल वाकडी झालेली. विक्रेत्याचं पहिलं उत्तर आलं, "खोका उघडतानाचा व्हिडिओ नसल्यास तक्रार ग्राह्य धरता येत नाही." माझ्याकडे कसला व्हिडिओ! मग बिल, खोक्यावरच्या नंबरचा फोटो, दबलेल्या टोपीचे पाच फोटो आणि घासण्याच्या आवाजाची ध्वनिफीत, असं सगळं ईमेलने पाठवलं. चार वेळा तेच प्रश्न, चार वेळा तीच उत्तरं. दुसरा वूफर आला 26 मेला, सतरा दिवसांनी. तुम्ही मागवाल तेव्हा कात्री लावायच्या आधी मोबाइल चालू करा.

दरम्यान सोसायटीचं प्रकरण. आमचा फ्लॅट नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात, दुसऱ्या मजल्यावर. कापणं-घासणं घरात शक्य नव्हतं, म्हणून पार्किंगचा कोपरा मिळावा असा अर्ज 10 मेला केला. विषय लिहिला, "लाऊडस्पीकर बनविण्याकरिता जागा वापरण्याची परवानगी मिळणेबाबत". दोन दिवसांनी सचिवकाका अर्ज घेऊन दारात. सोबत ध्वनिप्रदूषण नियम 2000 ची छापील प्रत, रात्री दहा ते सकाळी सहाच्या ओळीखाली लाल रेघ. त्यांना वाटलं मी पोळ्याला डीजे लावणार आहे. दुसरा अर्ज लिहिला, "लाकडी खोके बनविण्याकरिता". 14 तारखेला परवानगी आली. वेळ सकाळी 10 ते 1, भुसा स्वतः झाडणे, रविवारी बंद. अर्जात लाऊडस्पीकर हा शब्द वापरू नका, एवढंच सांगेन.

16 मेला लकडगंजला गेले. नावाप्रमाणे लाकडाचीच वस्ती. सागाचे ओंडके, आरागिरण्या, प्लायची गोदामं, आणि सगळीकडे तो ओल्या भुशाचा वास. मला एमडीएफ हवं होतं, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू चिकट्याने दाबून केलेला बोर्ड. प्लायच्या थरांमध्ये कधी पोकळ जागा निघते आणि ती बासच्या वेळी आतून खुळखुळते. एमडीएफ एकसंध आणि जड असतं, बोटानं ठोकलं तर 'टण' न होता 'ढब' होतं. पण त्याला पाण्याचं वावडं, आणि आमच्या घरात कूलर! शेवटी ओल जरा जास्त सोसणाऱ्या ग्रेडचं 18 मिमीचं अर्धं शीट घेतलं, 1,280 रुपये. तिथल्या मिस्त्रीभाऊंना एमडीएफ हे लाकूडच वाटत नव्हतं. "मॅडम, हा तर पुठ्ठा आहे जी. सागाची फळी घ्या, नातवंडं वापरतील."

मी त्यांना बॉक्सचं बाहेरचं माप दिलं, 210 रुंद, 250 खोल, 360 उंच, सगळं मिलिमीटरमध्ये. आतल्या तुकड्यांची वजाबाकी त्यांनीच केली, कापायचे 400 रुपये घेतले, आणि मी आनंदात ऑटोत बसले. घरी येऊन मोजते तर बाजूच्या फळ्या 324 हव्या होत्या, निघाल्या 322. खोलीही 214 ऐवजी 212. चारही फळ्या अगदी एकसारख्या दोन-दोन मिलिमीटरने कमी. असं नेमकं चुकणं म्हणजे चूक नव्हे, पद्धत. फोन केला तर म्हणाले, "सहा सूत धरले ना जी, बरोबर आहे." सहा सूत म्हणजे पाऊण इंच, म्हणजे 19 मिमी. माझं शीट 18. दोन्ही टोकांचा एक-एक मिलिमीटर त्यांच्या सुतात गेला.

रडायला आलं होतं. मग वही काढली. आतलं माप 174 गुणिले 212 गुणिले 322, म्हणजे 11.88 लिटर. आधीचं होतं 12.06. फरक एक कप चहाचा. वूफर, नळी आणि आतली आडवी पट्टी जागा खातात ती वजा केली तरी अकराच्या आसपासच राहत होतं. आवाजाला काही होणार नव्हतं, फक्त पुढची-मागची फळी वर-खाली एक-एक मिलिमीटर बाहेर डोकावणार होती. ते नंतर घासता येतं. त्यातही माझं नशीब असं, की 212 ची रुंदी असलेले सगळे तुकडे त्यांनी एकाच लांब पट्टीतून कापले होते. चुकली तरी रुंदी सगळ्यांची सारखीच चुकली, त्यामुळे खोका डुगडुगला नाही. तुम्ही कापून घ्याल तेव्हा हे आग्रहाने सांगा, आणि बाहेरचं माप न देता प्रत्येक तुकड्याचं माप लिहून द्या.

पुढच्या फळ्यांची गोल भोकं मी स्वतः कापली. जिगसॉ, म्हणजे विजेवर चालणारी बारीक पात्याची करवत, भाड्याने, दोन दिवसांचे 500. खिळा, दोरा, पेन्सिल यांनी वर्तुळ काढलं, रेषेच्या किंचित आतून कापलं, मग कानशीने वाढवलं. एमडीएफचा भुसा मैद्यासारखा बारीक असतो आणि त्यात रेझिन असतं, तेव्हा मास्क चांगला हवा. रुमालाने भागत नाही. पहिल्या दिवशी रुमाल बांधला होता, रात्रभर खोकले.

आता चिकटवणं. खरं तर याच्याचसाठी लिहायला बसले. कापणं, भोकं, वायरिंग हे सगळं चुकलं तर सुधारता येतं. सांधा चुकला तर नाही.

25 मे. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे ते नऊ दिवस, लागला तो दिवस. सकाळी घरची कामं, मग पार्किंगची वेळ संपली, म्हणून दुपारी दोनला बाल्कनीत बसले. बाहेर 45 अंश. फेव्हिकॉलचा डबा उघडला, ब्रशने फळीच्या कडेला छान पांढरी रेघ ओढली, दुसऱ्या कडेला ओढली, तिसरी ओढेपर्यंत पहिलीवर साय आली. दुधावर येते तशी. मी म्हटलं, आत ओलं असेल. फळ्या जुळवल्या, क्लॅम्प आवळले, चार तास ठेवले. संध्याकाळी क्लॅम्प सोडून खोका उचलला तर वरची फळी हातात आली आणि बाकीचा खोका जमिनीवर राहिला. सांध्याच्या एका बाजूला फेव्हिकॉलचा चकचकीत कोरडा थर, दुसऱ्या बाजूला कोरं एमडीएफ. दोघांची भेटच झाली नव्हती.

कारण नंतर नीट कळलं. पांढरा फेव्हिकॉल सुकतो म्हणजे त्यातलं पाणी जातं, काही लाकडात आणि काही हवेत. एमडीएफची कापलेली कड स्पंजासारखी असते, ती खालून पाणी पिते. वरून नागपूरची मे महिन्यातली हवा पिते. चिकटण्याआधीच तो सुकून बसतो. आणि म्हणून कूलरसमोर बसावं तर उलटी भानगड. कूलरच्या दमट हवेत सुकायला दुप्पट वेळ, शिवाय फळीची एक बाजू ओल धरते आणि फळी वाकते. कूलरच्या झोतात टेकवून ठेवलेली एक मागची फळी मी अशीच घालवली. टेबलावर ठेवली तर झोपाळ्यासारखी डुलत होती.

सुटलेला सांधा तसाच पुन्हा चिकटत नाही, नवा फेव्हिकॉल जुन्या थराला धरत नाही. रात्री तो सगळा थर पटाशीने आणि 80 नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडून काढला. सासूबाई पाणी प्यायला उठल्या होत्या. "काय करून राहिली बाई? अन् चिकटवलेलं काऊन काढून राहिली?" काय सांगणार!

26 मे, पहाटे पाच. मुलाच्या खोलीतला कूलर चारलाच बंद केला होता, त्याची कुरकुर अजून ऐकते आहे. पंखाही बंद. या वेळेला नागपूर माणसात असतं. जमिनीवर प्लास्टिक, त्यावर मागची फळी सपाट बैठक म्हणून, न चिकटवता. आधी सगळ्या फळ्या कोरड्याच जुळवून, क्लॅम्प आवळून, कुठला क्लॅम्प कुठे लागतो ते पाहून घेतलं आणि सोडून तिथेच ठेवले. ही रंगीत तालीम फार महत्त्वाची. फेव्हिकॉल लावल्यावर क्लॅम्प शोधायला वेळ नसतो. मग कापलेल्या कडांना फेव्हिकॉलचा पातळ हात मारला आणि पाच मिनिटं थांबले, कडेला प्यायचं ते पिऊ दिलं. मग दुसरा, जाड हात, आणि एका वेळी एकच सांधा. पहिला जुळला की दुसऱ्याला लावायचं.

क्लॅम्प माझ्याकडे चारच, 340 ला एक. उरलेलं काम सायकलच्या जुन्या ट्यूबने केलं. पंक्चरवाल्याकडून दोन ट्यूब आणल्या होत्या, उभ्या चिरून पट्ट्या केल्या आणि खोक्याभोवती ताणून गुंडाळल्या. रबर सगळीकडून सारखं दाबतं, कोपऱ्यावर खूण पडत नाही. क्लॅम्प मात्र पिळून पिळून आवळू नये, सगळा फेव्हिकॉल बाहेर येतो आणि सांधा उपाशी राहतो. कडेने बारीक मोत्यांसारखी रांग आली की थांबायचं.

मग कर्ण. नववीला दरवर्षी आयताचे कर्ण समान असतात हे शिकवते, पण पहाटे साडेपाचला त्याचा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. चौकट 210 बाय 358, पायथागोरसने कर्ण 415 हवा. एक भरला 417, दुसरा 413. म्हणजे चौकट एका बाजूला कलली होती. लांब कर्णाच्या दोन कोपऱ्यांना क्लॅम्प लावून अगदी अर्धा फेरा आवळला, पुन्हा मोजलं. 415, 415. गुण्या लावून पाहिलं, चारही कोपरे काटकोनात. मी खरंच टाळी वाजवली.

बाहेर आलेला फेव्हिकॉल ओल्या फडक्याने पुसू नका, एमडीएफची कड पाण्याने फुगते. अर्ध्या तासाने तो रबरासारखा होतो, तेव्हा पटाशीने अलगद सोलून निघतो. आतल्या बाजूचा काढायचाच नाही, उलट बोटाने कोपऱ्यात नीट फिरवायचा. तिथे तो हवा अडवतो. पूर्ण चोवीस तास क्लॅम्प सोडले नाहीत. दुसरा खोका 28 ला, मागच्या फळ्या 30 ला. त्यांच्यावर वजन म्हणून पाण्याची वीस लिटरची भरलेली कॅन ठेवली. पुढच्या फळ्या 1 आणि 2 जूनला. नवतपा संपला आणि माझेही खोके संपले.

1 तारखेला पार्किंगमध्ये मुद्दाम पाहिलं. आदल्या दिवशी चिकटवलेल्या रद्दी तुकड्यांचा सांधा हातोडीने तोडला. तुटला, पण चिकटवलेल्या जागी नाही, शेजारचं एमडीएफ फाटलं. तेव्हा कुठे झोप लागली.

रंगाचं फार सांगत नाही. कापलेल्या कडा रंग पितात म्हणून आधी पाणी घातलेला फेव्हिकॉल, मग घासणं, प्रायमर, घासणं, काळपट निळा रंग, छोट्या रोलरने तीन हात. 600 रुपये. मधे पावसाळी हवा आली आणि दुसरा हात सुकायला दोन दिवस लागले. डोकावणाऱ्या त्या एक-एक मिलिमीटरच्या कडा रंधा आणि पॉलिश पेपरने अर्ध्या तासात गेल्या. एवढ्यासाठी मी रडणार होते.

22 जूनला वायरिंग. आत तीन भिंतींना उशीतलं फायबर लावलं, नळीचं तोंड मोकळं ठेवलं, वूफर बसवला. मग उदबत्तीची परीक्षा. नळीत कापडाचा घट्ट बोळा, वूफरचा कागद हलकेच आत-बाहेर, आणि पेटती उदबत्ती सांध्यांवरून हळूहळू फिरवायची. सगळ्या सांध्यांवर धूर सरळ वर गेला. मागे वायर जोडायच्या टर्मिनलपाशी मात्र एकदम आडवा झाला. फेव्हिकॉलचा एकही सांधा गळत नव्हता, गळत होता तो चार स्क्रूंचा प्लास्टिकचा तुकडा! दारांच्या फटीला लावतात ती फोमची पट्टी त्याच्याखाली घातली, धूर सरळ झाला. सिलिकॉन भरायचा मोह टाळला, त्याची आंबट वाफ बंद खोक्यात वूफरला बरी नव्हे.

सगळं मिळून 12,900 रुपये झाले. त्यात फेव्हिकॉल 310, स्क्रू-वायर-पाइप-पॉलिश पेपर मिळून 1,150. ऑटो आणि मुलाला कूलरची भरपाई म्हणून दिलेलं आइस्क्रीम यात धरलेलं नाही. एवढ्या पैशात बरे तयार स्पीकर येतात, हे नवऱ्याने एकदाच सांगितलं. नंतर तोच तबला ऐकत जमिनीवर बसून राहिला. डग्ग्याची घुम मोकळी येत होती, आधीच्या सिस्टिममध्ये तिथे नुसता धप असायचा. बॉक्स आता जमिनीपासून दीड फूट वर, स्टुलावर आहेत. कूलर वाहिला तर वाहू दे.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात शाळेतून आले, गाणं लावलं, आणि बास गायब. उजवीकडून ठीक, डावीकडून नुसता कोरडा आवाज. वायर पाहिली, क्रॉसओव्हर पाहिला, उदबत्ती पेटवली. वूफर काढायला स्क्रूड्रायव्हर हातात घेतला तेव्हा मागे नजर गेली. नळीत जुन्या सुती लुगड्याचा बोळा, आत पार कोंबलेला. नळी बंद म्हणजे माठाचं तोंडच बंद.

"त्या भोकात उंदीर जाईल ना वं," सासूबाई म्हणाल्या. "दुसऱ्याले बी लावणार होती, पण फडकं पुरलं नाही."

दोन्ही नळ्यांच्या तोंडाला आता मच्छरदाणीची जाळी आहे. फेव्हिकॉलनेच लावली, सकाळी सहाला.